धरणाचं हिरवं पाणी उपग्रहातून कसं वाचायचं

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: "उन्हाळ्यात आमच्या जवळच्या धरणाचं आणि नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्याचं पाणी हिरवं पडतं. उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात असं ऐकलं. त्यावरून शेवाळ किती वाढलं आणि पाणी पिण्याजोगं आहे का, हे शाळेच्या संगणकावर कळेल का? आठवी-नववीच्या मुलांना घेऊन वर्षभर नोंदी ठेवायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू?"

सर, शेवाळ दिसेल. पाणी पिण्याजोगं आहे का, ते मात्र दिसणार नाही. तुमच्या प्रश्नात हे दोन्ही एकत्र आले आहेत, म्हणून आधी ते वेगळे करू. मी अठरा वर्षं धरणं आणि तळ्यांची उपग्रहचित्रं वाचते आहे. या कामातल्या बहुतेक चुका, माझ्या स्वतःच्याही, इथेच झालेल्या पाहिल्या आहेत.

उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, तोही वरच्या थराचा. रंग बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच: शेवाळातलं हरितद्रव्य, पाण्यात तरंगणारा गाळ, आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून उतरणारा चहासारखा पिवळट-तपकिरी रंग. याखेरीज पृष्ठभागाचं तापमान, पाण्याचा पसारा आणि वर तरंगणाऱ्या वनस्पती कळतात. नायट्रेट, फॉस्फेट, जड धातू आणि रोगजंतू यांना रंग नाही, म्हणून ते चित्रात येत नाहीत. सिंहस्थ जवळ आला की मला हमखास विचारतात, "रामकुंडाचं पाणी उपग्रहावरून तपासता येईल का?" येणार नाही. जंतू कोणत्याही बँडमध्ये, म्हणजे उपग्रह वेगळा टिपतो अशा प्रकाशाच्या कोणत्याही पट्ट्यात, दिसत नाहीत. शिवाय रामकुंड इतकं लहान आहे की चित्राच्या एकाच चौकटीत (पिक्सेलमध्ये) पाणी, पायऱ्या आणि माणसं एकत्र मिसळतात. तिथे बाटली भरून प्रयोगशाळेतच न्यायला हवी.

उपग्रहाच्या बँडवरून थेट बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) किंवा नायट्रेट काढणारी सूत्रं तुमच्या वाचनात येतील. त्या तळ्यात त्या मोसमात शेवाळ आणि नायट्रेट बरोबरीने वाढलं म्हणून ती तिथे जुळतात. पुढच्या वर्षी पाऊस वेगळा पडला की संबंध तुटतो. मी ती सूत्रं वापरत नाही आणि मुलांनाही शिकवू नका असं स्पष्ट सांगते.

मग रंगाचा उपयोग काय? लोणारचं उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. मे अखेरचं आणि जूनमधलं उपग्रहचित्र शेजारी ठेवलं की बदल कोणालाही दिसतो. पण पाणी गुलाबी का झालं, हे चित्रात नव्हतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कळलं की तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. चित्रामुळे काय घडलं, कुठे आणि कधी ते समजलं. ते का घडलं, हे बाटलीतल्या पाण्याने सांगितलं. तुमच्या प्रकल्पातही कामाची हीच वाटणी ठेवा.

आता मुलांना समजावता येईल असा कारभार सांगते. हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं, साधारण ६६५ ते ६७५ नॅनोमीटरच्या आसपास. त्यापुढे गेलं की शोषण घसरतं आणि शेवाळाच्या पेशी प्रकाश विखरून परत पाठवतात. आणखी पुढे गेलं की पाणीच प्रकाश गिळून टाकतं. या दोन शोषणांच्या मधोमध, ७०० ते ७१० नॅनोमीटरपाशी, एक छोटासा उंचवटा तयार होतो. शेवाळ जितकं दाट, तितका तो उंच. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवर नेमके या दोन जागांचे बँड आहेत, ६६५ वर बँड ४ आणि ७०५ वर बँड ५. बँड ५ वजा बँड ४, भागिले दोघांची बेरीज केली की एनडीसीआय हा हरितद्रव्याचा निर्देशांक मिळतो. सच्चिदानंद मिश्रा आणि दीपक मिश्रा यांनी तो २०१२ मध्ये मांडला. समजा तांबड्या बँडमध्ये पाण्याने ३ टक्के प्रकाश परत पाठवला आणि बँड ५ मध्ये ४ टक्के. मग ०.०१ भागिले ०.०७, म्हणजे ०.१४. मुलं हे वहीत करू शकतात आणि त्यांनी ते वहीतच करावं. आधी हाताने दहा गणितं, मग संगणक.

आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटची चित्रं चांगली आहेत. जलाशयाचा पसारा आणि पाणवेली (जलपर्णी) यांसाठी मी ती वापरते. पण लिस-३ कॅमेऱ्यात हिरवा, तांबडा आणि दोन अवरक्त एवढेच बँड आहेत, ७०५ चा नाही. लँडसॅटच्या ८ आणि ९ या उपग्रहांवरही तो नाही. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी आपल्यावरून जातात, नाशिकवर सकाळी अकराच्या सुमारास. बँड ४ ची चौकट १० मीटरची आणि बँड ५ ची २० मीटरची, म्हणजे हिशोब २० मीटरवर धरायचा. चित्रं फुकट आहेत. कोपर्निकस ब्राउझर ही साइट उघडली, खातं काढलं, की सॉफ्टवेअर न उतरवता शाळेच्या संगणकावर काम सुरू होतं. मुलं रुळली की क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिकवा. गूगलचं अर्थ इंजिन त्याहून ताकदवान आहे, पण तिथे थोडा कोड लिहावा लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

एनडीसीआयचा आकडा म्हणजे लिटरमागे इतके मायक्रोग्रॅम हरितद्रव्य, असे तक्ते इंटरनेटवर सापडतात. ते मूळचे अमेरिकेतल्या चेसापीकसारख्या उपसागरांच्या पाण्यावर बेतलेले आहेत. आपल्या धरणात काळ्या मातीचा गाळ असतो, तिथलं शेवाळही वेगळं. तक्ता जसाच्या तसा लावलात तर आकडा मिळेल, पण तो आपल्या पाण्याचा नसेल. शिवाय लिटरमागे ५ ते १० मायक्रोग्रॅमच्या खाली हे गणित फारसं काही सांगू शकत नाही, त्या पातळीला उंचवटाच उठत नाही. पाण्याची सुपीकता ठरवायला वापरल्या जाणाऱ्या कार्लसनच्या मापपट्टीत ७ मायक्रोग्रॅमच्या पुढचं तळं पोषणाने भरलेलं आणि ५६ च्या पुढचं अतिभरलेलं धरतात. म्हणजे बिघाड सुरू होतो तेव्हा उपग्रह गप्प असतो आणि बिघाड चांगला वाढल्यावर बोलतो. म्हणूनच वर्षभराच्या नोंदींना मोल आहे. एका चित्राने काही ठरत नाही.

आता माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याही वाटेत उभी आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत जिल्ह्यातल्या एका धरणाचा अहवाल मी केला होता. जानेवारीच्या चित्रावरून पाण्याची हद्द आखली आणि तीच एप्रिलच्या चित्रावर ठेवली. धरणाच्या वरच्या टोकाला मोठा हिरवा पट्टा निघाला, आकडे भरपूर. मी 'शेवाळाचा तीव्र प्रादुर्भाव' असं लिहिलं. बैठकीत धरणाकाठच्या गावातले एक वयस्कर शेतकरी आले होते. नकाशाकडे बघून ते म्हणाले, "ताई, हे शेवाळ नाही, आमची गाळपेर आहे." आवर्तन सुटून पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरतात. मी ज्याला शेवाळ म्हटलं, तो वाढलेला हिरवा चारा होता. त्या अहवालावरून कोणी पाण्यात औषध टाकायचं ठरवलं असतं तर? तेव्हापासून मी प्रत्येक तारखेच्या पाण्याची हद्द त्या त्या चित्रावरूनच काढते आणि काढल्यावर काठापासून दोन चौकटी, म्हणजे ४० मीटर, आत सरकते. काठाच्या चौकटीत जमीन मिसळलेली असतेच. शेजारच्या हिरव्या शेतातून विखुरलेला प्रकाशही पाण्याच्या चौकटीत शिरतो आणि निर्देशांक उगाच वाढवतो.

हद्द काढायला हिरवा बँड आणि १६१० नॅनोमीटरचा बँड ११ यांचा तसाच, वजाबाकी भागिले बेरीज असा निर्देशांक वापरा. बँड ११ मध्ये मोकळं पाणी जवळजवळ काळं दिसतं. मला हा बँड जोडीदारासारखा वाटतो. भर पाण्यात तो उजळ दिसला तर समजायचं की धुकं, पातळ ढग किंवा पाण्यावरची सूर्याची चकाकी आहे, नाहीतर वर काहीतरी तरंगतं आहे. मे महिन्यात नाशिकच्या अक्षांशावर सूर्य जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा चकाकी फार सतावते. नेमकं शेवाळही तेव्हाच वाढलेलं असतं. असं चित्र वाया गेलं तर जाऊ द्यावं. आठवड्याभरात दुसरं येतं.

हवेचा प्रश्न याहून अवघड आहे. पाणी फार थोडा प्रकाश परत पाठवतं. काळ्याशार पाण्यावर उपग्रहाला जो प्रकाश मिळतो, त्यातला ८० ते ९० टक्के हवेतूनच आलेला असतो. ही हवा वजा करायची दुरुस्ती तयार मिळते, पण सेंटिनेल-२ च्या तयार चित्रांत वापरलेली सेन२कोर ही पद्धत मुख्यतः जमिनीसाठी बनवलेली आहे. पाण्यासाठी अ‍ॅकोलाइट आणि सी२आरसीसी या वेगळ्या पद्धती आहेत, दोन्ही मोफत. शाळेच्या कामाला तयार चित्रं चालतील, कारण तुम्ही एकाच धरणाचा बदल बघणार आहात आणि बँड ४ व ५ शेजारी असल्याने हवेचा परिणाम दोन्हींवर बऱ्यापैकी सारखा होतो. पण त्याच आकड्यांवरून दोन धरणांची तुलना करून 'ते घाण, हे स्वच्छ' असं जाहीर करू नका.

जुन्या तारखांपासून आलेख काढणार असाल तर आणखी एक सापळा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या चित्रांतल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. शेतावर किंवा डोंगरावर हे नवख्याच्या लक्षातही येत नाही. पाण्यावर अनर्थ होतो. वरचंच उदाहरण घ्या. चित्राच्या फाइलमध्ये ३ आणि ४ टक्के हे ३०० आणि ४०० असे साठवलेले असतात. ३०० आणि ४०० ऐवजी १३०० आणि १४०० आले, तर ०.१४ चा निर्देशांक ०.०४ वर येतो. एका रात्रीत धरण स्वच्छ झाल्यासारखं दिसतं! असा आलेख दाखवून पाणी सुधारल्याचं सांगणारं सादरीकरण मी समोर बसून ऐकलेलं आहे. अर्थ इंजिनमध्ये नावात 'हार्मोनाइज्ड' असलेला संच घ्या. फाइल स्वतः उतरवलीत तर १००० वजा करायला विसरू नका.

नांदूर मधमेश्वरबद्दल माझं मत वेगळं आहे. मुलांची पहिली नोंद तिथून सुरू करू नका. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा तो बंधारा, २०२० मध्ये रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ क्षेत्र. जागा अप्रतिम आहे, पण शेवाळ मोजायला कठीण. पाणी उथळ, गाळ भरपूर, कडेला पाणकणीस, पाण्याखाली वनस्पती आणि वर पाणवेली. तिथल्या हिरव्या आकड्यात शेवाळाचा वाटा किती, हे मीसुद्धा चित्रावरून छातीठोकपणे सांगणार नाही. आधी खोल, मोकळ्या पाण्याच्या धरणावर हात बसू द्या.

नांदूर मधमेश्वरला पाणवेलींचा मागोवा मात्र सुंदर घेता येतो आणि मुलांना त्यात खरी गोडी वाटेल. पाणवेल आणि पाण्यावर साचलेली शेवाळाची साय, दोन्ही अवरक्त बँडमध्ये झगमगतात. वेगळं करायला तीन खुणा आहेत. पहिली, वाऱ्याने साय एका दिवसात तळ्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाते, तिला धागेदोरे आणि भोवरे असतात. पाणवेलीचा तुकडा कडा राखून असतो आणि पुढच्या चित्रातही ओळखता येतो. दुसरी, पाणवेलीची पानं पाण्याच्या वर हातभर उभी असतात, त्यामुळे सेंटिनेल-१ च्या रडारवर ती खरखरीत आणि उजळ दिसतात, साय दिसत नाही. रडार ढगांतून आरपार बघतं, म्हणून जून ते सप्टेंबर जेव्हा बाकी सगळे डोळे मिटलेले असतात तेव्हाही ही नोंद तुटत नाही. तिसरी खूण मोसमाची. गंगापूर, दारणा ही वरची धरणं भरून विसर्ग सुटला की पुराबरोबर पाणवेली वाहून जातात. पूर ओसरला की उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा पसरायला लागतात. हा वर्षाचा फेरा मुलांना तीन-चार वर्षांच्या चित्रांत स्वतः सापडू द्या. जुनं बघायचं असेल तर लँडसॅट-५ ची चित्रं १९८४ पासूनची आहेत, ३० मीटरची. पाणवेलीच्या मोठ्या पट्ट्यांसाठी तेवढी पुरतात.

एवढं शेवाळ येतं कुठून, हे मुलं विचारतीलच. त्यांना कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका तळ्याची गोष्ट सांगा. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी तळं क्रमांक २२६ मध्ये आडवा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातलं. दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. विमानातून घेतलेल्या त्या फोटोत पडद्याच्या अलीकडे काळं पाणी आणि पलीकडे हिरवं अशी सरळ रेघ दिसते. डिटर्जंट, सांडपाणी, शेतातून वाहून येणारं खत आणि शेण, या सगळ्यांतून फॉस्फरस येतो. आपल्याकडे वर शहर आणि खाली द्राक्षं, ऊस, कांदा आहे. पण म्हणून चित्रातला हिरवा डाग बघून 'हे अमक्याच्या नाल्यामुळे' असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नका. नाला जिथे मिळतो त्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे, वारंवार फरक दिसला तर बाटली तिथे भरायची एवढंच चित्राचं काम. गावात कोणाकडे बोट दाखवणं सोपं असतं आणि ते परत घेता येत नाही.

आरोग्याचा भाग मी जड मनाने लिहिते आहे, कारण शाळेची मुलं पाण्याजवळ जाणार आहेत. हिरव्या पाण्यातलं सगळं शेवाळ घातक नसतं. पण निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते खरं तर जिवाणू असतात. त्यांतल्या मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती यकृताला घातक विष बनवतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली आहे. पाणी उकळल्याने हे विष जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या अशाच वाढीमुळे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. उकळूही नका, असं त्या सूचनेत मुद्दाम लिहिलेलं होतं.

हे निळं-हिरवं शेवाळ ओळखायची खूण ६२० नॅनोमीटरपाशी असते आणि तो बँड सेंटिनेल-२ वर नाही. सेंटिनेल-३ वर आहे, पण त्याची एक चौकट ३०० मीटरची, म्हणजे ९ हेक्टरची. समुद्राला आणि मोठ्या सरोवरांना ती ठीक आहे. आपल्या लहान धरणात उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काठ सोडून अशा किती चौकटी उरतील, हे मुलांनाच नकाशावर मोजायला लावा.

काठावर करता येण्याजोग्या दोन साध्या परीक्षा आहेत. लांब काठी पाण्यात फिरवून वर काढा. काठीवर केसासारखे धागे लोंबले तर बहुधा साधं तंतूशेवाळ. रंगात बुडवल्यासारखी काठी निघाली तर सावध व्हा. दुसरी म्हणजे पारदर्शक बाटली पाऊण भरून रात्रभर न हलवता ठेवायची. सकाळी हिरवा थर वर येऊन कडं धरलं असेल, तर निळ्या-हिरव्या शेवाळाची शंका घ्यावी, कारण त्याच्या पेशींत हवेच्या पिशव्या असतात आणि ते तरंगतं. दोन्ही परीक्षा मोठ्यांनी हातमोजे घालून करायच्या. त्यांनी शंका येते, खात्री पटत नाही. शंका आली की गुरं त्या काठावर पाण्याला नेऊ नयेत असं गावात सांगा आणि ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवा. हिरवी साय वाऱ्याने ज्या काठाला लागते तिथेच गुरं पाणी पितात, म्हणून हे लिहिते.

आता मोजमाप. पाण्याची पारदर्शकता मोजायला सेक्की तबकडी बनवा. ही इटलीच्या अँजेलो सेक्की या पाद्री-शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली युक्ती आजही जगभर चालते. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती, चार भागांत आळीपाळीने काळा आणि पांढरा रंग, खाली वजन आणि दर १० सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी. नावेच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्ही लिहून सरासरी घ्यायची. एकाच मुलाने वाचू नये, दोघातिघांनी वाचावं आणि एकमेकांना आकडा सांगू नये. या तबकडीने मुलं जे शिकतात ते मी संगणकावर तासभर बोलूनही शिकवू शकत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात ती वीतभरावर नाहीशी होते, आणि तेव्हाच त्यांना पटतं की उपग्रहालाही तेवढाच वरचा थर दिसत असणार. गढूळ पाण्यात तांबडा आणि त्यापुढचा, दोन्ही बँड गाळामुळे उजळतात आणि एनडीसीआय फसवा होतो. म्हणून पावसाळ्यात शेवाळाचा आकडा काढूच नका, बँड ४ वरून फक्त गढूळपणा बघा.

हरितद्रव्य मोजायला जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाची मदत लागेल. पाणी पृष्ठभागाखाली हातभरावरून घ्या, वरची साय बाटलीत येऊ देऊ नका. बाटली काळ्या कापडात गुंडाळून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. उजेडात आणि उन्हात हरितद्रव्य मोडतं. प्रयोगशाळेत ते पाणी काचतंतूच्या गाळणकागदातून गाळून, ९० टक्के ॲसिटोनमध्ये रंग उतरवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतात. खर्च फार नाही, पण चिकाटी हवी. महिन्यातून दोन नमुने नेमाने झाले तरी खूप झालं.

या सगळ्याला एकत्र बांधते ती तारीख. उपग्रह ज्या दिवशी येणार, त्याच दिवशी सकाळी अकराच्या मागे-पुढे तीन तासांत मोजमाप झालं पाहिजे. वारा सुटला की शेवाळाचे पट्टे तासाभरात हलतात. काल भरलेली बाटली आणि आजचं चित्र जुळवण्यात अर्थ नाही. पुढच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आधी कळतं, ते वर्गात भिंतीवर लावा. निरभ्र दिवस ऑक्टोबर अखेरपासून मेपर्यंत मिळतात. मोजायची जागा काठापासून निदान शंभर मीटर आत आणि आजूबाजूला एकसारखं पाणी असलेली निवडा. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपा, प्रत्येक वेळी तीच जागा धरा. वाऱ्याची दिशा, आकाश, पाण्याचा वास आणि मेलेले मासे दिसले का, हेही लिहा. मुलं वास फार अचूक लिहितात.

नावेसाठी जलसंपदा विभागाची परवानगी घ्या आणि मासेमारी करणाऱ्यांनाच सोबत घ्या. सगळ्यांना जीवनरक्षक जॅकेट हवीत, याला अपवाद नाही. ती नसतील तर मुलं काठावर राहतील आणि मोजमाप मोठी माणसं करतील. नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी बसलेले असताना तर अजिबात नाही. चापडगावच्या बाजूने काठावरून जे दिसेल तेवढं टिपा. मासेमारांशी गप्पा मारा. पाणी कोणत्या महिन्यात फिरतं, हे त्यांना माझ्या आलेखाच्या आधी माहीत असतं. त्यांनी सांगितलेल्या तारखा वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा.

पहिल्या वर्षी एकच धरण, त्यात तीन जागा आणि ऑक्टोबर ते मे एवढंच करा. दहा-बारा जोड्या जमल्या की कागदावर आलेख काढा. आडव्या अक्षावर त्या दिवशीचा एनडीसीआय, उभ्या अक्षावर प्रयोगशाळेचा आकडा. ठिपके तिरक्या रेघेच्या आसपास पडले तर तुमच्या धरणाचं तुमचं स्वतःचं सूत्र मिळालं. विखुरलेले पडले तर आधी तारखा आणि वेळा जुळल्या होत्या का ते बघा, मग बँड ११ उघडून प्रत्येक दिवशीची चकाकी आणि ढग तपासा. तरीही जमलं नाही तर ठिपक्यांचा कागद आणि नोंदवही दोन्ही मला पाठवा, मी पान पान बघेन.